‘ब्लडी’ : शिवी, विशेषण की नुसता जोर?

मृण्मयी_लीड्स

ब्रिटनमध्ये नव्याने येणारा मराठी माणूस इंग्रजी शिकूनच आलेला असतो, तरी एक शब्द त्याला हमखास अडवतो. तो म्हणजे ‘ब्लडी’. आपल्याकडे हा शब्द ‘ब्लडी फूल’ आणि ‘ब्लडी नॉनसेन्स’ या दोन जोड्यांमधूनच पोचला. बोलणारा बहुतेक वेळा संतापलेला असतो आणि ऐकणारा खाली मान घालून उभा असतो. त्यामुळे इथे ऑफिसात कुणी आपल्या कामाला ‘दॅट्स ब्लडी गुड’ म्हणालं, की कौतुक झालं की अपमान, हे क्षणभर कळतच नाही. कौतुकच झालेलं असतं, आणि तेही मनापासून.

मी इथे बरीच वर्षं राहतेय. यॉर्कशरमध्ये हा शब्द बाजारात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर सारखा कानावर पडतो. ऐकून ऐकून माझं मत असं झालंय की याला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरलेलाच नाही. अर्थ ठरतो तो वाक्यातल्या जागेवरून. विशेषणाआधी आला की ‘फार’: ‘इट्स ब्लडी फ्रीझिंग’ म्हणजे हाडं गोठवणारी थंडी आहे. वस्तूच्या नावाआधी आला की वैताग: ‘द ब्लडी प्रिंटर’ म्हणजे ऐन वेळी दगा देणारा तो प्रिंटर. क्रियापदाआधी ‘वेल’ला सोबत घेऊन आला की हट्ट किंवा दटावणी: ‘ही कॅन ब्लडी वेल वेट’, म्हणजे थांबेल मुकाट्याने, न थांबून जातो कुठे! नकारात ‘नॉट ब्लडी लाइकली’, म्हणजे शक्यच नाही, नाव काढू नका.

‘ब्लडी हेल’चा तर स्वतंत्र संसार आहे. विजेचं बिल बघून निघतो तो एक, कुणाचं नवं घर बघून निघतो तो दुसरा, आणि पुन्हा पाऊस सुरू झाला की थकून, लांबवून म्हटला जातो तो तिसरा. शब्द तेच, फक्त स्वर वेगळा. ‘ब्लडी मार्व्हलस’ हे खरंखुरं कौतुक असू शकतं आणि गाडी रद्द झाल्याची घोषणा ऐकल्यावरचा उद्गारही असू शकतो. घोषणा सुरू असेल तर दुसरा अर्थ घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि ‘ब्लडी-माइंडेड’. याचा रक्ताशी संबंध जोडून कुणी ‘खुनशी’ असा अर्थ लावला तर फसेल. शेक्सपिअरच्या काळात तो तसा होताही, पण विसाव्या शतकात तो ‘मुद्दाम आडवा जाणारा’ असा झाला. फॉर्मवरची एक सही राहिली म्हणून सगळी कागदपत्रं परत करणारा कारकून ब्लडी-माइंडेड असतो. आपला ‘आडमुठा’ त्याच्या जवळ जातो, पण आडमुठा माणूस स्वभावानेच तसा असतो. ब्लडी-माइंडेड माणूस समजून उमजून आडवा जातो.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मराठीत याच्या जागी आपण काय म्हणतो? दुसरं, तुमच्या कानावर हा शब्द कुठे, कसा पडला?

गुहागरकर

छान धागा, मृण्मयीताई. प्रतिशब्दाला लांब जायला नको. कोकणातल्या कुठल्याही घरात दोन तयार आहेत: ‘मेलं’ आणि ‘शिंचं’.

‘मेलं ते कुलूप उघडेल तर शपथ.’ ‘मेला पाऊस थांबायचं नाव घेत नाही.’ यात कुणी मेलेलं नाही आणि कुणाला मरणाचा शापही दिलेला नाही. माझी आजी हा शब्द कुलपाला, पावसाला, दुधावर टपलेल्या मांजराला आणि लाडक्या नातवाला एकाच दमात लावायची. ‘मेल्या, जेवून तरी जा’ यातली माया इंग्रजीत न्यायची तर तिथे ‘ब्लडी’च घालावा लागेल.

‘शिंचं’ त्याहून बोलकं आहे. त्याचं मूळ ‘शिंदळीचा’ असं सांगतात. म्हणजे थेट आईच्या चारित्र्यावर बोट, चांगलीच जहाल शिवी. पण वापरून वापरून तिची धार इतकी गेली, की सोवळ्यातले भिक्षुकही ‘शिंची विस्मृती झाली बघा’ म्हणू लागले. मूळ कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, नुसता वैताग शिल्लक राहिला. मृण्मयीताई म्हणतात तो अर्थ झिजण्याचा प्रकार आपल्याकडेही पुरेपूर झालेला आहे.

शब्दवेध

गुहागरकर, ‘द ब्लडी प्रिंटर’ला ‘मेलं’ आणि ‘शिंचं’ चपखल बसतात. पण ‘ब्लडी गुड’ला? ‘मेलं छान’ किंवा ‘शिंचं सुंदर’ कुणी म्हणत नाही. तिथे ‘लई भारी’, ‘जाम आवडलं’, ‘कसलं भन्नाट’ अशी वेगळी माणसं कामाला लावावी लागतात. ‘नॉट ब्लडी लाइकली’ला आपण ‘मुळीच नाही’ धरतो, ‘ब्लडी वेल’ला नुसता ‘च’ पुरतो: ‘थांबेलच!’ इंग्रजीने ही सगळी कामं एकट्या शब्दावर टाकली आणि मराठीने ती वाटून दिली.

आता उगम. ‘बाय अवर लेडी’, म्हणजे मेरीमातेची शपथ, तिचा अपभ्रंश होऊन ‘ब्लडी’ झाला, ही कथा ब्रिटनमध्ये घरोघरी सांगतात. भाषेचे अभ्यासक ती मानत नाहीत. त्या शपथेची ‘बायर लेडी’ ही झिजलेली रूपं वेगळी टिकून आहेत, आणि उच्चारात तिथून ‘ब्लडी’पर्यंत पोचायला वाट नाही. शिवाय शपथ वाक्याच्या सुरुवातीला येते. ‘ब्लडी’ पहिल्यापासून विशेषणाला चिकटलेला सापडतो. १६७६ सालच्या जॉर्ज एथरिजच्या एका नाटकात ‘ब्लडी ड्रंक’ आहे. एक तर्क असा, की त्या काळी दंगेखोर, खानदानी तरुणांना ‘ब्लड’ म्हणत. ते जसे पितात तसा प्यायलेला तो ‘ब्लडी ड्रंक’. दुसरा तर्क साधा आहे: रक्त हीच मुळात जोरकस गोष्ट. डच भाषेत फार उकडतंय म्हणायला ‘ब्लूटहेट’ म्हणतात, शब्दशः ‘रक्त-गरम’. त्यामागे कुठलीही मेरीमाता नाही.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा टप्पा. जोनाथन स्विफ्ट हा धर्मगुरू. त्याने १७११ मध्ये आपल्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आज चालताना ‘ब्लडी हॉट’ होत होतं असं सहज लिहून टाकलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आणि त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी हाच शब्द वर्तमानपत्रं पहिलं आणि शेवटचं अक्षर देऊन मधे रेघ मारून छापत होती. शब्द तोच राहिला, मधल्या काळात त्याभोवती मध्यमवर्ग उभा राहिला. बंदरावरचे हमाल आणि गाडीवान तो बोलत, वरचे उमराव कुणाची पर्वा न करता बोलत. मधल्या लोकांना मात्र आपण हमालांतले नाही हे सतत दाखवायचं होतं. हा शब्द न बोलणं ही त्यांची ओळख बनली.

१८८७ मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हनची ‘रडीगोर’ ही संगीतिका लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात लागली. ‘रडी’ म्हणजे लालसर, पण ‘ब्लडी’ऐवजी वापरायचा सभ्य शब्दही तोच. नाव फार रक्ताळ वाटतं अशी कुरबुर झाली आणि काही दिवसांत इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलावं लागलं. बायका शब्दाच्या सावलीलाही भ्याव्यात असा तो काळ.

रंगपीठ

शब्दवेध यांनी माझ्या आवडीच्या वर्षाच्या जवळ आणून सोडलं, तेव्हा पुढे मी नेतो.

११ एप्रिल १९१४. लंडनचं हिज मॅजेस्टीज थिएटर, जॉर्ज बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. फुलवाली एलायझा हिच्या भूमिकेत मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. त्या तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या, आणि एलायझा जेमतेम अठरा-वीसची. प्रोफेसर हिगिन्सने तिला उच्चार शिकवलेत, पण बोलायचं काय ते शिकवलेलं नाही. तिसऱ्या अंकात ती त्याच्या आईच्या दिवाणखान्यात बसून, अगदी स्वच्छ, घासूनपुसून घेतलेल्या उच्चारांत, आपल्या मावशीला कुणी मारलं असावं याची चर्चा करते. निघताना फ्रेडी विचारतो, बागेतून चालत जाणार का? आणि त्याच नाजूक स्वरात उत्तर येतं: ‘वॉक! नॉट ब्लडी लाइकली. आय ॲम गोइंग इन अ टॅक्सी.’

थिएटरात आधी सन्नाटा, मग हशा. तो सव्वा मिनिट थांबला नाही असं सांगतात. प्रयोगाआधीच वर्तमानपत्रं ‘एक शब्द’ येणार म्हणून वातावरण तापवत होती, आणि तो शब्द मात्र छापत नव्हती. गंमत अशी, की तेव्हा प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे. ही पद्धत थेट १९६८ पर्यंत चालली. म्हणजे हा शब्द सरकारी परवानगीने रंगमंचावर आला. पुढे लोक ‘नॉट ब्लडी लाइकली’ऐवजी ‘नॉट पिग्मॅलियन लाइकली’ म्हणू लागले. नाटकाचं नावच सभ्य शिवी झालं.

हे सगळे सांगतात. पण शॉचा खरा बाण त्यानंतर सुटतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. एलायझा गेल्यावर क्लारा नावाची मध्यमवर्गीय मुलगी, हीच नवी उच्चभ्रू बोलण्याची पद्धत असणार अशा समजुतीने, जाता जाता मोठ्या अभिमानाने ‘सच ब्लडी नॉनसेन्स!’ म्हणून घेते. एका शब्दावरून वर्ग ठरतो, आणि तो ठरवणाऱ्यांना स्वतःला काही कळत नसतं. मला नाटकातलं सगळ्यात धारदार वाक्य हेच वाटतं.

१९३८ च्या चित्रपटात वेंडी हिलरच्या तोंडी ते वाक्य तसंच राहिलं. १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका आली तोवर नुसत्या ‘ब्लडी’ने कुणी दचकत नव्हतं. म्हणून तो धक्का ॲस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीत नेला आणि एलायझाला घोड्याच्या ढुंगणाबद्दल ओरडायला लावलं. धक्क्याची किंमत चाळीस-बेचाळीस वर्षांत अशी वाढली. आपल्याकडे १९७५ मध्ये पुलंनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं, भक्ती बर्वेंची मंजुळा उभी राहिली. मराठीत पेच उभा राहतो तो बोलीचा, न आणि ण यांचा. एकट्या शब्दाने सगळं सभागृह हादरावं अशी आपली परिस्थिती नव्हती. आपल्याकडे वर्ग आणि जात शिवीआधी उच्चारातूनच कळते.

सुधाकर_दादर

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला यातलं कौतुक झेपत नाही, आणि का ते सांगतो.

माझे वडील चाळीसच्या दशकात मुंबईत एका विलायती कंपनीच्या कचेरीत कारकून होते. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचा गोरा मॅनेजर हा शब्द थंडीला किंवा प्रिंटरला लावत नसे. तो लावी ‘क्लार्क’ला, ‘नेटिव्ह’ला आणि ‘इंडियन’ला. वडिलांनी आम्हा भावंडांना घरात मराठी शिव्यांसाठीही कधी हात लावला नाही, पण ‘ब्लडी’ तोंडातून निघाला की ते ताटावरून उठत. तेवढं एकच बंधन होतं.

तुम्ही म्हणता अर्थ झिजला. इंग्लंडात झिजला असेल. तिथे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही उलट बोलू शकत होते. आमच्याकडे एकच बाजू बोलत होती. हा शब्द भारतात साहेबाच्या तोंडून आला आणि त्याच्यापुढे माणसाचं नाव लावूनच आला. आपल्या कानाला तो शिवी वाटतो याचं कारण आपलं इंग्रजी कच्चं आहे हे नव्हे. आपल्यासाठी तो शिवीच होता.

मृण्मयी_लीड्स

सुधाकरकाका, हे तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. धागा काढताना मी ‘फसेल’, ‘कळत नाही’ असे शब्द वापरले, जणू आपल्याकडच्या अर्थात काही उणं आहे. तसं नाही हे तुमच्या वडिलांच्या उदाहरणाने स्पष्ट झालं. भारतातला ‘ब्लडी’ हा ब्रिटनमधल्या शब्दाचा एक खरा, इतिहासातून आलेला अर्थ आहे, आणि तो यादीत पहिल्या रांगेत यायला हवा.

यात एक धागा मला दिसतो. शब्दापुढे काय आलं ते बघायचं. हवामान, यंत्र, विशेषण आलं तर जोर. माणूस आला, आणि त्यातही एखादा समूह आला, तर इथेही तो शब्द पूर्वीइतकाच विषारी होतो.

वॉर्ड_बर्मिंगहॅम

मृण्मयी, नेमकं हेच. मी इथल्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. दिवसभर कानावर हा शब्द असतो. सुई टोचताना ‘ब्लडी हेल, दॅट हर्ट्स’, जेवण आलं की ‘ब्लडी सूप अगेन’, घरी सोडलं की ‘यू’व्ह बीन ब्लडी ब्रिलियंट, लव्ह’. या शेवटच्याने माझा दिवस चांगला जातो. नव्वदीच्या आजीबाई हा शब्द माझ्यापेक्षा सहज वापरतात.

पण ‘ब्लडी फॉरेनर्स’ही ऐकलंय. नव्याने केरळहून, महाराष्ट्रातून आलेल्या मुलींना मी दोन्हीतला फरक पहिल्याच आठवड्यात समजावते, कारण घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. एक मुलगी ‘ब्लडी हर्ट्स’ ऐकून रडायला लागली, पेशंट आपल्याला शिव्या देतोय असं समजून. दुसरीला खरोखर वंशावरून बोललं गेलं आणि तिला वाटलं, इथे सगळे असंच बोलतात, गिळून टाकावं. पहिलीला समजवायचं, दुसरीला तक्रार लिहायला बसवायचं. तक्रार लिहिताना वाक्य जसंच्या तसं लिहायचं, सगळे शब्द घालून. ‘अपशब्द वापरले’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, ‘ब्लडी’ म्हणाला असेल, त्यात काय! मुद्दा पुढच्या शब्दात असतो.

सुधाकरकाका, तुमच्या वडिलांना ताटावरून उठावंसं वाटलं ते मला पूर्ण समजलं.

यारा_काठची

मेलबर्नहून. ऑस्ट्रेलियाचा उल्लेख नाही म्हणजे हा धागा अर्धाच. ब्रिटनमधून आलेल्या या शब्दाला इथे घर, जमीन, नागरिकत्व सगळं मिळालं. १८९० च्या दशकापासून याला ‘द ग्रेट ऑस्ट्रेलियन ॲजेक्टिव्ह’ म्हणतात. त्याही आधी, १८४७ मध्ये, अलेक्झांडर मार्जोरिबँक्स नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने न्यू साउथ वेल्समधल्या एका बैलगाडीवाल्याचे पाव तासातले ‘ब्लडी’ मोजले, आणि हिशेब मांडला की पन्नास वर्षांत हा माणूस तो शब्द १ कोटी ८२ लाख वेळा बोलेल.

इथे हा शब्द शब्दांच्या पोटात शिरतो. ‘ॲब्सो-ब्लडी-लूटली’, ‘फॅन-ब्लडी-टॅस्टिक’ ब्रिटनमध्येही म्हणतात, पण न्यू साउथ वेल्समध्ये टम्बरम्बा नावाचं गाव आहे, त्याचं ‘टम्बा-ब्लडी-रम्बा’ करणं इथल्यांनाच सुचावं. तो कुठेही घुसवता येत नाही, बरं का. शब्दातल्या ज्या अक्षरावर आघात पडतो त्याच्या बरोबर आधी. ‘ॲब-ब्लडी-सोलूटली’ म्हणून बघा, कुणी म्हणणार नाही. हा नियम कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, आणि पाच वर्षांचं पोरही चुकत नाही.

दोन जाहिराती सांगते. १९८९ मध्ये आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वाहतूक अपघात मंडळाने दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध मोहीम काढली. तिचं वाक्य होतं: ‘इफ यू ड्रिंक, देन ड्राइव्ह, यू आर अ ब्लडी इडियट.’ सरकारी पैशातून, दूरदर्शनवर, मोठ्या अक्षरांत. ‘इडियट’ एकटा असता तर लोकांनी कानाआड केला असता. त्या एका शब्दामुळे ते सरकारी परिपत्रक न राहता मित्राने खांद्याला धरून सांगितल्यासारखं झालं.

दुसरी २००६ ची. पर्यटन खात्याने परदेशी पाहुण्यांना बोलवायला जाहिरात केली. समुद्रकिनारे, उंट, थंड बिअर दाखवून शेवटी मॉडेल लारा बिंगल विचारते, ‘सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?’ म्हणजे, अरे सगळी तयारी झाली, तुम्ही आहात कुठे? ब्रिटनमध्ये जाहिराती तपासणाऱ्या संस्थेने ती टीव्हीवर अडवली. ज्यांनी शब्द दिला त्यांनीच! नंतर परवानगी मिळाली आणि तोवर फुकटची प्रसिद्धी भरपूर झाली होती. तेव्हा त्या पर्यटन संस्थेचे प्रमुख होते स्कॉट मॉरिसन, जे २०१८ मध्ये पंतप्रधान झाले.

इथे ‘यू ब्लडी लेजंड’ म्हणजे मोठं प्रशस्तिपत्र. तेव्हा मृण्मयीचा ‘पुढे माणूस आला की विष’ हा नियम ऑस्ट्रेलियात तसाच्या तसा चालत नाही. माणसाच्या पुढे शिवी आली की विष, कौतुक आलं की दुप्पट कौतुक.

बेलफास्टवासी

एक गोष्ट सांगून ठेवतो. उत्तर आयर्लंडमध्ये ‘ब्लडी संडे’ म्हटलं की तो शब्द बोलीतला नसतो. ३० जानेवारी १९७२ ला डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला, त्या दिवशी तेरा माणसं मेली. तिथे अर्थ अक्षरशः रक्ताचा आहे. इतिहासातली ‘ब्लडी मेरी’ म्हणजे राणी पहिली मेरी, १५५३ ते १५५८, तीही प्रॉटेस्टंटांना जाळल्यामुळे. वारासमोर, राणीसमोर हा शब्द दिसला की शब्दकोशातला पहिला, रक्ताचाच अर्थ घ्यायचा.

निरंजन_ठाणे

प्रश्न आहे. माझा मुलगा दहा वर्षांचा. हॅरी पॉटर बघून घरभर ‘ब्लडी हेल’ करत फिरतो, रॉनसारखं. शाळेतून चिठ्ठी आली. इथल्या लोकांचं मत काय, रागवायचं का?

शब्दवेध

निरंजन, ब्रिटनमधल्या दूरसंचार नियामकाने, ऑफकॉमने, २०१६ मध्ये लोकांना विचारून आक्षेपार्ह शब्दांची प्रतवारी केली, त्यात ‘ब्लडी’ सौम्य गटात आहे. राजाही वापरतो: सप्टेंबर २०२२ मध्ये, राज्यावर येऊन आठवडाही झाला नव्हता, हिल्सबरो किल्ल्यात सही करताना पेन गळलं आणि तिसरे चार्ल्स कॅमेऱ्यासमोर ‘ब्लडी थिंग’ म्हणाले. बहुतेक प्रजेला ते अगदी घरचं वाटलं.

पण तुमचा मुलगा ठाण्यात आहे. त्याच्या बाईंच्या कानात सुधाकरकाकांच्या वडिलांचा शब्द आहे, रॉनचा नाही. बाईंचं चुकलेलं नाही. मुलाला दोन्ही अर्थ सांगा, दहा वर्षांच्या मुलाला कळतात. आपल्याकडेही ‘च्यायला’ बाबांच्या मित्रांत चालतो आणि आजोबांसमोर चालत नाही, हे त्याला नक्कीच माहीत असेल. मुंबईच्या कॉलेजांत ‘भेंडी’ म्हणतात तेव्हा भाजीबद्दल कुणी बोलत नसतं, मूळ शिवी झाकायला ती भाजी पुढे केलेली असते. इंग्रजांनी नेमक्या याच कामासाठी ‘ब्लूमिंग’, ‘ब्लिंकिंग’, ‘रडी’, ‘फ्लिपिंग’ असे शब्द ठेवले. फारच वाटलं तर मुलाला ‘ब्लिंकिंग हेक’ शिकवा. बाईंना चिठ्ठी लिहायला कारण उरणार नाही.

सुधाकर_दादर

वॉर्ड_बर्मिंगहॅम, तुमचं तक्रारीबद्दलचं वाचून बरं वाटलं. आमच्या वडिलांना तक्रार लिहायला बसवणारं कुणी नव्हतं.

शब्दवेध, मुलाला दोन्ही अर्थ सांगा हे पटलं. मी स्वतः मात्र हा शब्द वापरणार नाही.

गुहागरकर

काका, तेही योग्यच. सगळ्यांनी सगळे शब्द वापरलेच पाहिजेत असं कुठे आहे?

पुढचा_महिना_मँचेस्टर

नोकरीसाठी पुढच्या महिन्यात येतोय. सरळ विचारतो: मिसळून जायला हा शब्द वापरू का नको? आणि उच्चार कसा करायचा, आपण ‘ब्लडी’ म्हणतो तसाच ना?

मृण्मयी_लीड्स

उच्चाराचं आधी. मँचेस्टरला आणि आमच्याकडे तो ‘ब्लडी’ नाही, ‘ब्लुडी’च्या जवळ जातो. उत्तरेत ‘बस’चा ‘बुस’ होतो तसाच. पण तुम्ही तो मुद्दाम तसा करू नका, नक्कल वाटते. तुमचा आहे तोच उच्चार ठेवा.

वापराबद्दल: पहिले काही महिने फक्त ऐका. बॉस कुणाशी बोलताना वापरतो आणि कुणाशी बोलताना टाळतो ते बघा, त्यातून ऑफिसची सगळी रचना कळते. ईमेलमध्ये नको, मुलाखतीत नको, फोनवर ग्राहकाशी तर अजिबात नको. ‘ब्लडी-माइंडेड’ मात्र लिहिलेलं चालतं, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतही असतो. बोलायचाच झाला तर सुरुवात हवामानापासून करा. ‘ब्लडी कोल्ड, इजन्ट इट’ला मँचेस्टरमध्ये आजवर कुणी हरकत घेतलेली नाही, आणि नोव्हेंबरात येत असाल तर ते खरंही असेल.

जोर मात्र ‘कोल्ड’वर द्या. आपल्याकडून येणारे ‘ब्लडी’वर जोर देतात आणि तिथेच वाक्य रागावल्यासारखं ऐकू येतं. मोजे जाड आणा.